दुसऱ्या माणसाची वाट

दादा,

"बातमी काय वर्गात शिकवतात, मास्तरीणबाई?" असं म्हणून तू आमच्या पत्रकारिता विभागाची टर उडवायचास. पण पहिल्या तासाला मी तुझाच नियम शिकवते. एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांनी स्वतः पाहिल्याचं सांगितल्याशिवाय मृत्यूची बातमी द्यायची नाही.

तू पुराची बातमी आणायला गेलास आणि तुझा छायाचित्रकार एकटाच परत आला. काठावरून त्यानं तुझी नाव उलटताना पाहिली होती. मी आईला म्हटलं, "हा एकटाच सांगतोय. दुसऱ्या कुणाकडून कळू दे." तेव्हापासून आई तुझा टॉवेल धुऊन दोरीवर वाळत घालते आणि मी घरी आले की विचारते, "दुसरं कुणी भेटलं का गं?"

आज तुझा नावाडी आला. दारातच उभा राहिला. मी शिकवते तसंच विचारलं, "फोटोवाल्यांशी बोललात का?"

"त्यांना मी ओळखतही नाही, ताई. मी वाहत पार खालच्या गावाला लागलो. साहेबांचा हात माझ्याच हातातून सुटला."

तो गेल्यावर आईनं आतून विचारलं, "कोण होतं गं?"

"विद्यार्थी. सुट्टी मागायला आला होता."

आई बाहेर आली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग गॅलरीत जाऊन तिनं तुझा टॉवेल दोरीवरून काढला, त्याची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला.

तुझी,
मास्तरीणबाई