हातमोजा आणि सायकलची ट्यूब

बाबा, काल मी एक हातमोजा नापास केला. तुम्हाला हे कुठून सांगायला घ्यावं ते कळत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पोरगी विमानं बनवायचं शिकते, एवढंच तुम्ही चौकात सांगायचात. विमानं मी कधी बनवलीच नाहीत. माणूस अंतराळात जाताना जो पोशाख घालतो त्यावर मी अकरा वर्षं काम करते आहे, त्यातही हातमोज्यांवर. पोशाखाच्या आत हवा भरलेली असते आणि बाहेर काहीच नसतं. खाणीत तुमच्या पाठीवर असायचा तो श्वासाचा सेट आणि हा पोशाख यांत फार फरक नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तसाच प्राणवायूचा सिलिंडर, श्वासातली खराब हवा शोषून घेणारा तसाच डबा, आणि कुठून तरी गळेल ही भीतीही तीच.

तुम्ही खाणीतले, पण कोळसा काढणारे नव्हतात. खाली आग लागली, वायू साचला, तर आत जाऊन माणसं बाहेर आणणाऱ्या पथकात होतात. असं वर्षात क्वचितच घडायचं. रोजचं काम म्हणजे सेट तपासणं. एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला तुमची रेस्क्यू रूम दाखवायला नेलंत. भिंतीवर ओळीनं सेट टांगलेले आहेत, रबराचा आणि साबणाचा वास येतो आहे, आणि तुम्ही मला तिथला नियम सांगता आहात: ज्यानं सेट तपासला त्यानंच तो पहिल्यांदा पाठीवर घेऊन सरावाच्या धुराच्या खोलीत जायचं. दुसऱ्या कोणाला पाठवायचं नाही. तुमच्या पथकातले एक काका हसून मला म्हणाले, "तुह्या बापानं तपासलेला सेट मी डोये मिटून घालतो, बाई. दुसऱ्याचा घालाचा असला तं पहिले बायकोले सांगून येतो."

घरी तुमची तपासणी सायकलपासून सुरू व्हायची. मोहर्लीच्या रस्त्यावरचं आपलं गाव, तिथून जंगलातून खाणीपर्यंत सायकल हेच वाहन. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बघायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलं होतं. पहिल्यांदा मी दोन क्षण बघून उठले तेव्हा तुम्ही ओरडलात, "उठली काऊन? बुडबुडा नाई दिसला म्हणजे छेद नाई, असं नसते. बारीक छेदाचा बुडबुडा यायले टाईम घेते. शंभर मोज, मंग उठ." तेव्हापासून मी शंभर मोजत असे.

सहावीच्या उन्हाळ्यात गावातल्या पंक्चरवाल्यानं ट्यूबला ठिगळ लावून दिलं आणि संध्याकाळी तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. नंतर विचारलंत, "शंभर?" मी म्हटलं, "शंभर." दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. झुंजूमुंजू असताना तुम्ही निघालात आणि अर्ध्या रस्त्यात, नाल्याजवळ, चाक बसलं. दोनच दिवस आधी तिथून वाघानं गाय नेली होती. तुम्ही सायकल ढकलत, घंटी वाजवत खाणीपर्यंत गेलात. दुपारी घरी येऊन हे सांगितलंत तेव्हा आईच्या हातातली भाकर तव्यावर करपली.

"अन् वाघ आला असता तं?"

"त्याले म्हटलं असतं, थांब जरा, हवा भरतो."

आई हसली नाही. तुम्ही तसेच उठून पंक्चरवाल्याकडे गेलात. मी मागे उभी होते. तो बिचारा हात पुसत म्हणत होता, "भाऊ, म्या तं बरोबर लावला होता. तुमच्या पोरीनं पायला नाई का?" तुम्ही म्हणालात, "माह्या पोरीनं शंभर मोजले. तिचं नाव काढू नको." त्यानंतर तुम्ही त्याच्याकडे सायकल कधी नेली नाहीत. तुमचं बघून गावातल्या अजून दोघांनी नेली नाही.

आता कालचं सांगते. कागदाप्रमाणे तो हातमोजा पास होता. ठरलेल्या वेळेत आतल्या दाबाचा काटा हलला नव्हता. पण तुमचा नियम मी इथं लावून घेतला आहे, कोणी सांगितलेलं नसताना. आमच्याकडे एक पेटी आहे, तिच्यातली हवा काढून घेतात आणि भोकातून हातमोज्यात हात घालून काम करून बघता येतं. मी माझा हात घातला. माझ्या हाताला तो मोठा होतो, सगळे हसतात. दोन तास मी आत पाना फिरवत बसले, मूठ मिटत-उघडत, आणि मग पुन्हा मोजलं. काटा केसभर उतरला.

आमचे प्रमुख दक्षिणेकडचे आहेत, बोलणं हिंदी-इंग्रजीत चालतं, मी मराठीत लिहिते आहे. ते म्हणाले, "अजून मर्यादेच्या आत आहे ना?" मी म्हटलं, "आहे. पण सकाळी उतरत नव्हता, आता उतरतो आहे. कुठं तरी सुरुवात झाली आहे." शुक्रवारी एक माणूस हा पोशाख घालून निर्वात खोलीत उभा राहणार होता. ती चाचणी पुढे ढकलली. किती, ते कोणालाच सांगता येत नाही. बैठकीत वीस माणसं माझ्याकडे बघत होती. एकानं जरा कुचकटपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही आयुष्यात कधी वेळेआधी उठलाच नाहीत का?" मी म्हटलं, "एकदा." सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

उद्या हातमोजा उघडतील. मला वाटतं अंगठ्याच्या मुळाशी शिवणीवरची पट्टी उचलली असेल. काहीच सापडलं नाही तर बोलणी मला खावी लागतील, ती मी खाईन. नापासच्या शेऱ्याखालची सही मात्र बदलणार नाही. शुक्रवारच्या त्या माणसालाही घरी कोणीतरी, आईनं तुम्हाला विचारलं तसं, काही झालं तर, असं विचारत असेल, आणि तो माझ्या सहीवर विश्वास ठेवून उत्तर देत असेल.

कॉलेजला निघताना तुम्ही मला घड्याळ दिलंत, सेकंदाचा काटा असलेलं. एसटीत बॅग चढवता चढवता म्हणालात, "आता आकडे मोजत नको बसू. काट्याकडे पायत जाय." मी पूर्ण रस्ताभर त्या वाक्याचा विचार केला. तुम्हाला माहीत होतं का, ते विचारायचं मी दर सुट्टीत ठरवायचे आणि दर वेळी राहून जायचं. मग तुम्हीच राहिला नाहीत. ते घड्याळ आता चालत नाही, पण तपासणीच्या दिवशी मी ते हातात घालते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घड्याळाच्या डबीतच ठेवीन. पुढच्या सुट्टीत पंक्चरवाल्याकडे जाणार आहे. म्हातारा झाला असला तरी दुकानात बसतो म्हणे. त्याला सांगायच्या आधी तुम्हाला सांगते. त्या संध्याकाळी शेजारच्या अंगणात कोणीतरी जंगलातून ओंजळभर पिकलेली गोड टेंभरं आणली होती आणि पोरं वाटून घेत होती. माझ्या वाट्याची संपतील असं मला वाटलं. मी चाळीसवर उठले, बाबा.