खालचे रान, पाहुण्यांसमोर

खाली सही करणारी मी, या शेताची मालकीण, पूर्ण भानावर राहून हे लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरातल्या प्रत्येकाने ‘आत्ता कशाला’ म्हणून अडवून पाहिले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले, तर ते खोटे समजावे.

उद्या सकाळी माझ्या पोटातील गाठ काढणार आहेत. काळजीचे काहीच कारण नाही, असे सर्जन हसून म्हणाले. ते हसणे मी ओळखते. गरम पाणी संपलेले असते तेव्हा आम्ही पाहुण्यांकडे पाहून तसेच हसतो. म्हणून हे आजच लिहिते.

कलम १. राहते घर मुलगा व सून यांच्या समाईक नावे करावे. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या चार खोल्या मुलाने चालवाव्यात. ते त्याला जमते. माझी खोली पाचवी होऊ नये. मुलगी माहेरी येते तेव्हा तिला स्वयंपाकघरात अंथरूण घालावे लागते, तर यापुढे ती खोली तिची. मी दवाखान्यात असताना त्या दारावर पाचचा आकडा चिकटवला गेला आणि मी जिवंत परत आले, तर अवघड होईल.

कलम २. बँकेतील ठेव मुलीला. मुलाने तोंड वाकडे करू नये. त्याच्या शिक्षणाला पैसे गेले तेव्हा तिने केले नव्हते.

कलम ३. गाई सुनेला. पाहुण्यांना धार काढून बघायची हौस असते. त्यांना म्हातारी गायच द्यावी. तांबडी लाथ मारते, हे मुलाला ठाऊक आहे आणि त्याच्या गुडघ्यालाही. पांढरी या आठवड्यात विणार. त्या वेळी गोठ्याचे दार लावून घ्यावे. बाळंतपण हा पाहण्याचा कार्यक्रम नव्हे. वासराचे मागचे पाय आधी दिसले तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. हे सुनेला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते लिहिल्यावाचून मला पुढचे सुचत नाही.

कलम ४. अवजारे मुलाला. यात फवारणीचा पंप धरू नये. तो दिराने यजमान हयात असताना एका दिवसासाठी नेला होता. तो दिरालाच कायमचा द्यावा. मी दिला असे होईल, आणि त्याला दरवेळी माझी नजर चुकवावी लागणार नाही.

कलम ५. खालचे रान.

हे कलम सकाळपासून कोरे आहे. का, ते लिहिते.

यजमान गेल्यावर नुसत्या शेतीवर भागेना, म्हणून आम्ही खोल्या भाड्याने दिल्या. पहिल्याच हंगामात मी आणि मुलगा पाण्याच्या टाकीवरून असे भांडलो, की एक कुटुंब भर दुपारी सामान बांधून निघून गेले. त्या दिवशी मी नियम केला: पाहुण्यांसमोर भांडायचे नाही, ते गेल्यावर काय ते बघू. नियम चांगलाच होता. फक्त पाहुणे जात नाहीत. एक गाडी फाटकाबाहेर पडते तोच दुसरी आत येते. त्यामुळे या घरात नऊ वर्षांत एकही भांडण धड झालेले नाही. आम्ही गोड आवाजात बोलतो. मुलगा म्हणतो, आईला आमची फार काळजी. म्हणजे मी नको तिथे नाक खुपसते. सून म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. म्हणजे काय, हे मला अजून कळलेले नाही.

मुलाला खालच्या रानात पाहुण्यांसाठी लाकडी झोपड्या बांधायच्या आहेत. त्याने चित्र काढून भिंतीवर लावले आहे. त्या रानात चारा होतो. चारा गेला की गाई गेल्या, आणि गाई गेल्यावर लोकांनी इथे काय बघायला यायचे? एका झोपडीतून दुसरी झोपडी?

रान मुलाला दिले तर महिन्याभरात जेसीबी येईल. सुनेला दिले आणि तिने ते हसतमुखाने त्याच्या हवाली केले, तरी जेसीबीच येईल. तिच्या मनात काय आहे, ते मला आजच कळायला हवे. सकाळी गोठ्यात विचारायला गेले, तर एक गृहस्थ टॉवेल मागायला आले. विहिरीवर गाठले, तर दोन मुली फोटो काढत होत्या. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून ती चाऱ्याचा भारा उचलून निघून गेली.  अक्षर वाकडे दिसले तर कारण घाई आहे; डोके ठिकाणावर आहे.

दुपारी जेवणानंतर जोडलेला मजकूर:

दुसरी वेळ मिळेना, म्हणून मी जेवणाच्या टेबलावर, सगळे पाहुणे बसलेले असताना, वरची कलमे मोठ्याने वाचली. आणि म्हणाले, “खालचं रान कोणाला देऊ ते आत्ता सांगा. उद्या विचारायला मी असेनच असं नाही.”

मुलगा हसून पाहुण्यांना म्हणाला, आमची आई फार गमतीशीर आहे.

सून वाढत होती. तिने गरम पातेले तसेच लाकडी टेबलावर ठेवले, खाली काही न घेता. त्याचा डाग आता जाणार नाही.

“मला हवंय ते रान,” ती म्हणाली. “चारा मी कापते. ऊन असो, पाऊस असो. ते चित्र भिंतीवर लावलंस तेव्हा मला विचारलं होतंस?”

“अगं, पाहुणे बसलेत.”

“बसू देत. पाहुणे उठायची वाट बघण्यात माझा सगळा संसार गेला.” मग ती माझ्याकडे वळली. “आणि आई, नियम तुमचा आहे. रान दिलंत तर तो नियम सोबत देऊ नका.”

एक कुटुंब ताटे घेऊन हळूच ओसरीवर गेले. मुलाच्या तोंडावरचे हसू गेले होते. त्याच्यात यजमानांचा चेहरा इतक्या वर्षांनी पाहून मी दचकले.

“गाई तू एकटीने सांभाळणार?” तो ओरडला. “आई उद्या...” आणि त्याने भिंतीवरच्या चित्राकडे हात केला. तेव्हा मला कळले, की त्या झोपड्या त्याला हौसेने बांधायच्या नव्हत्या. मी नसताना हे शेत उचलायचे कोणी, या धास्तीने तो केव्हापासून झोपड्या मोजत होता.   पातेले गार होईपर्यंत दोघे भांडले. मीही मागे राहिले नाही.

कलम ५, पुरे केलेले. खालचे रान एकट्या सुनेच्या नावे. विहिरीमागच्या खडकाळ तुकड्यावर मुलाने हव्या तर दोन झोपड्या बांधाव्यात. तिथे काही उगवत नाही, हे दोघांनी एकदमच सांगितले, आणि मग दोघेही जरा ओशाळले.

कलम ६. पाहुण्यांसमोर न भांडण्याचा नियम मी रद्द करते. ज्यांना चालणार नाही त्यांनी दुसरीकडे उतरावे.

भीती गेली असे नाही.  पण सही माझी आहे आणि मी ती वाचून केली आहे.

ठिकाण: घरचे जेवणाचे टेबल.
दिनांक: मंगळवार, शस्त्रक्रियेचा आदला दिवस.
सही: मालकीण

साक्षीदार १: जनावरांचा डॉक्टर. पांढरी गाय तपासण्यासाठी आलो असता माझ्यासमोर सही झाली. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. आवाज बसला आहे.

साक्षीदार २: कोपऱ्यातल्या खोलीतील पाहुणी. सही माझ्यासमोर झाली, भांडणही. मध्ये मी उठू का म्हणून विचारले होते. तिघांनीही एका आवाजात बसा म्हणून सांगितले.