हात फक्त ठेवला होता

३ जून
आजपासून रोजनिशी. बायको म्हणाली, मनात येईल ते लगेच तोंडातून काढत जाऊ नकोस, आधी कागदावर काढ. काढतो. कोणी वाचू नये. वाचल्यास खैर नाही.

घड्याळ दुरुस्ती शिकवणाऱ्या वर्कशॉपमध्ये नाव घातलं. जुन्या पद्धतीचं काम. किल्लीची घड्याळं, सगळं हाताने. सहा महिने शिकायचं, मग परीक्षा. पास होतील त्यांतल्या एकाला तिथेच पगारी खुर्ची. म्हणजे मला. बाकीचे कशाला येतायत कळत नाही.

बायकोने अट घातली. हे चौथं ठिकाण आहे, इथूनही भांडून आलास तर आपण एका घरात राहायचं नाही. मी म्हटलं, मंजूर. मुळात मी भांडतच नाही. मागच्या तिन्ही ठिकाणी लोक भांडले. मी फक्त त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोललो.

संकल्प: सहा महिने रागवायचं नाही.

४ जून
तळपायाची आग मस्तकात!! वर्गात शिरतो तर समोर सासूबाई! डोळ्याला भिंग लावून बसलेल्या! वय वर्षं एकसष्ट. म्हणे घरी बसून वेळ जात नाही. वेळ जात नाही म्हणून माणूस पत्ते खेळतो, देवळात जातो, शेजारणीच्या चुका काढतो. घड्याळं उघडत नाही. बायकोला जाब विचारला. कुकरकडे बघत म्हणाली, योगायोग.

वर भर वर्गात मोठ्याने: या जावईबापू, इथे बसा, उजेड चांगला आहे. झालं. दुपारपर्यंत सगळा वर्ग मला जावईबापू म्हणायला लागला. संध्याकाळी मास्तरांनी हजेरीतही तेच म्हटलं आणि मीही मूर्खासारखा ‘हजर’ म्हणालो.

१२ जून
अजून घड्याळाला हात नाही. एकाच लांबलचक टेबलाला आम्ही आठ जण ओळीने बसतो आणि पितळेचा एकेक तुकडा कानशीने घासतो. चारही बाजू सपाट करायच्या. अरे, मी घड्याळजी व्हायला आलोय की लोहार?

मास्तर सत्तरीचे. इतकं हळू बोलतात की ऐकायला आपल्याला तोंड बंद करावं लागतं. ही त्यांची ट्रिक आहे. माझ्या तुकड्यावर त्यांनी स्टीलची पट्टी ठेवून उजेडासमोर धरली. खालून उजेड दिसला. मी म्हटलं पट्टी वाकडी आहे. त्यांनी दुसरी आणली. तीही वाकडी. या वर्कशॉपमध्ये एक पट्टी धड सरळ नाही आणि हे आम्हाला कारागिरी शिकवणार.

सासूबाईंचा तुकडा त्याच पट्टीला सरळ निघाला. साहजिक आहे. वाकड्याला वाकडं बरोबर जुळतं.

१३ जून
डाव्या हाताला बारीक मिशांचा एक प्राणी बसतो. त्याला बारमाही सर्दी. दर मिनिटाला सूं. मी त्याचं नाव नळ ठेवलंय. आज त्याला समजावून सांगितलं की रुमाल नावाची एक वस्तू बाजारात मिळते. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. नळाकडे नाही, माझ्याकडे!

२४ जून
रागावलो नाही. (जेवणाच्या सुट्टीपर्यंत.)

५ जुलै
रागावर जालीम उपाय सापडला. मॅग्नेटिक कडं. मनगटात घातलं की रक्त थंड राहतं म्हणे. दुकानदाराला माझी केस थोडक्यात सांगितली. मध्येच त्याने मोबाइल बघितला, म्हणून जरा जोरात सांगितली. तो लगेच म्हणाला, साहेब, तुम्ही दोन घ्या. दोन घेतली. दोन्ही हातांत एकेक. माणूस अनुभवी दिसला.

सासूबाईंनी विचारलं हे काय. म्हटलं फॅशन.

१९ जुलै
अखेर घड्याळं हातात आली! पूर्ण खोलायचं, धुवायचं, तेल द्यायचं, पुन्हा जोडायचं. पहिल्या दिवशी काटे काढायला शिकवले. मला वाटलं होतं की इथे फक्त माझाच काटा काढायचं चाललंय.

जोडलेलं घड्याळ पहिल्याच फटक्यात चालू! आणि कसलं चालू! बाकीच्यांची मागे पडतायत, माझं सगळ्यांच्या पुढे. मास्तर म्हणाले, फार पुढे जातंय, उघडा परत. या देशात माणसाने पुढे गेलेलं कोणाला बघवत नाही, आता घड्याळाने गेलेलंही बघवेना.

२ ऑगस्ट
पाच घड्याळं जोडली. पाचही सुसाट. मी झोपेतही चूक करणार नाही अशी घड्याळं. याचा अर्थ एकच. माझ्या पाठीमागे कोणीतरी त्यांना हात लावतंय.

कोण? विचार केला. खुर्ची एक. माझ्या उजव्या हाताला कोण बसतं? सासूबाई. मला रोज विचारतात, पाणी हवं का जावईबापू, डोळे दुखतात का जावईबापू. इतकं गोड कोणी उगाच बोलतं का? परवा मास्तरांशी दाराशी कुजबुजत होत्या. माझ्याविरुद्ध चावी देत असणार.

पुरावा गोळा करायचा. शांतपणे.

३ ऑगस्ट
शांतपणे जमलं नाही. भर वर्गात बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, सगळ्यांच्या लक्षात आहे. सासूबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. भिंग काढलं, पदराने पुसलं, परत लावलं. गुन्हेगार गप्पच बसतो.

मास्तरांनी कपाटातून होकायंत्र आणलं. माझ्या घड्याळाजवळ ठेवलं. सुई फिरली. घड्याळ बाजूला नेलं, तरी सुई माझ्याकडेच. मी उजवा हात हलवला, सुई उजवीकडे. डावा हलवला, डावीकडे. नळ इतका हसला की बाहेर जाऊन नाक शिंकरून आला.

मास्तर म्हणाले, घड्याळात केसासारखी एक स्प्रिंग असते, पोलादाची. तिला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटतं. जावईबापू, ती कडी काढा. आणि ती पाचही घड्याळं त्यांनी चुंबक उतरवणाऱ्या एका छोट्या मशीनवरून फिरवली. पाचही ताळ्यावर आली.

म्हणजे मी निर्दोष! दोष संपूर्णपणे कड्यांचा. तडक दुकानात गेलो. दुकान बंद. शटरला दोन लाथा घातल्या. अंगठा सुजला.

बायकोने विचारलं, आईची माफी मागितलीस का. मी म्हटलं, कशाबद्दल? गैरसमज चुंबकाने केला. त्यावर ती उठून आत गेली. पटलं असावं.

२० ऑगस्ट
घरचं वातावरण छान आहे. लेक फार शहाणी झालीय. मी आलो की स्वतःहून टीव्ही बंद करते आणि पावलांचा आवाज न करता आत जाते. मी कधी हात उगारलेला नाही. हा धाक नव्हे, आदर आहे. शेजाऱ्यांची पोरं बापाच्या अंगाखांद्यावर उड्या मारतात. काय ती शिस्त!

१७ सप्टेंबर
आज लिहायलाच हवं. एक जुनं लेडीज घड्याळ, शर्टच्या बटणाएवढं. कोणी घेईना. मी घेतलं. दिवसभर कोणाशी बोललो नाही. जेवायचंही विसरलो, सासूबाईंनी डबा शेजारी आणून ठेवला होता तो तसाच. संध्याकाळी ते चालू झालं. मास्तरांनी कानाला लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. म्हणाले, हात चांगला आहे तुमचा. फार चांगला आहे. आता बाकीचं सांभाळा.

बाकीचं म्हणजे काय ते विचारायचं राहिलं.

घरी सांगितलं तर बायको हसली. किती दिवसांनी. लेकीने घड्याळाची आतली चाकं किती असतात ते विचारलं. मी चित्र काढून दाखवलं. ती माझ्या खांद्याला रेलून बघत होती. मग तिने पेन्सिलीचं टोक मोडलं.

फार नाही बोललो. थोडंच.

३० ऑक्टोबर
परीक्षा महिन्यावर. मास्तरांनी खुर्ची कोणाला द्यायची हे ठरवलंय असा माझा अंदाज. माझ्याकडे बघताना एक प्रकारची काळजी असते त्यांच्या नजरेत. एवढं टॅलेंट हातचं जाऊ नये म्हणून.

सासूबाईंचंही काम ठीक आहे. बायकांना बारीक कामाची सवय असते. त्यांना मी दिलदारपणे सांगितलं की मी नोकरीला लागल्यावर तुम्ही अधूनमधून येत जा. म्हणाल्या, तुम्ही फक्त महिनाभर दम धरा जावईबापू, बाकी माझं काही म्हणणं नाही.

२८ नोव्हेंबर
आज परीक्षा होती. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. पुढेमागे चौकशी झाली तर उपयोगी पडेल.

प्रत्येकाला तीन घड्याळं. माझी दोन जेवणाआधी तयार, सगळ्यांच्या आधी. तिसरं अर्ध्यावर. चिमट्यात ती केसाएवढी स्प्रिंग. श्वास रोखलेला. आणि नळ: सूं. मी थांबलो. परत श्वास रोखला. सूं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हाताने माफी मागितली आणि मागता मागता: सूं.

मी शांततेचं आवाहन केलं. आवाहन करताना टेबलावर हात ठेवला. थोडा वेगाने.

टेबल एकच, आठ जणांचं. आठ जणांची घड्याळं उघडी. स्क्रू, चाकं, स्प्रिंगा, मोहरीहून बारीक वस्तू, सगळ्या एकदम हवेत उडाल्या. मग जमिनीवर टिकटिक टिकटिक असा आवाज झाला. मग काहीच आवाज नाही. नळाचासुद्धा नाही.

सगळे टॉर्च घेऊन गुडघ्यांवर. सासूबाईही. मी म्हटलं तुम्ही उठा, मी बघतो. त्या म्हणाल्या, तुम्ही हलू नका, पायाखाली येईल काहीतरी. तेव्हा मी मधोमध उभा आणि सगळे माझ्याभोवती रांगतायत. कोणी वर बघितलं नाही.

परीक्षा रद्द. पंधरवड्याने पुन्हा घेणार. सात जणांची.

हात फक्त ठेवला होता.

२९ नोव्हेंबर
मास्तरांकडे गेलो. म्हटलं, तुम्हीच म्हणालात हात चांगला आहे. म्हणाले, त्याच हाताने टेबल हाणलंत. हळूच म्हणाले. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

सासूबाईंना म्हटलं, तुमचं ते ऐकतात, एक शब्द टाका. त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, मला लेकीने पाठवलं होतं. वेळ जात नाही वगैरे काही नव्हतं. आई, तू शेजारी असलीस तर कदाचित हे ठिकाण तरी टिकेल त्याचं, म्हणाली होती. मी मास्तरांचे पाय धरून आले, तीनदा तुमच्यासाठी गयावया केली. आता माझे गुडघे राहिले नाहीत हो. मला शब्द टाकायला सांगू नका.

जावईबापू म्हणाल्या नाहीत. शेवटी नुसतं ‘हो’ लावलं.

घरात कटकारस्थान! सहा महिने माझ्यावर पाळत! घरी जाऊन बायकोला चांगलं खडसावलं. लेक आतच होती.

३० नोव्हेंबर
बायको बॅग भरतेय. भरू दे. अशा धमक्या मी खूप पाहिल्यात. जाईल आईकडे, चार दिवसांत पोरीची शाळा लांब पडते म्हणून येईल परत. मी पेपर वाचत बसलो. म्हटलं, खुशाल जा, मी अडवणार नाही.

ती म्हणाली, मी कुठे जातेय?

मग नीट पाहिलं. बॅगेत माझे शर्ट. माझं दाढीचं सामान. माझा स्वेटर. सासूबाई इथे राहायला येतायत, त्यांना वर्कशॉप इथून जवळ पडतं. त्यांचं घर रिकामं आहे. किल्ली बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात.

मी काय बोललो ते शेजाऱ्यांना विचारावं.

१५ डिसेंबर
सासूबाईंचं घर. दोन खोल्या. सगळं जागच्या जागी. इथे काम करायला उत्तम, मी स्वतःचं दुकान काढायचं ठरवलंय. खुर्ची सासूबाईंना मिळाली, तसं त्यांनी स्वतः फोन करून कळवलं. मी अभिनंदन केलं. ठीकच केलं.

दुपारी लेकीचा फोन. आपणहून केला होता. खुशीत होती. म्हणाली, बाबा, एक गंमत सांगू? काल दार धाडकन आपटलं. आई आणि मी दोघी एकदम दचकलो. आईच्या हातातलं पातेलं पडलं, मी टीव्ही बंद केला. मग लक्षात आलं की तू घरी नाहीयेस. वाऱ्याने आपटलं होतं! मग आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो, आजी धावत आली काय झालं बघायला.

मी विचारलं, मग?

म्हणाली, मग काही नाही, टीव्ही परत लावला.

मीही हसलो. गंमत चांगली सांगितलीस म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ विचार करत बसलो की यात नक्की कोणावर रागवायचं. कोणी सापडेना.