उलटी भिंत

३ सप्टेंबर १९२९
आलो एकदाचे. हार्स्टन हॉल बघून माझ्या नेलने आ वासला. मधलं घर लाल विटांचं, दोन्ही अंगांचे दगडी भाग मागाहून कुणी हौसेने चिकटवलेले, आणि पुढच्या खांबांतला एक उगीच जाडा. पेनफोल्ड घराण्यात पैसा होता, नजर नव्हती. बाग मात्र जीव ओवाळून टाकावा अशी! विधवा बाईला मुख्य माळी नेमलं म्हणून गाव नाकं मुरडतंय, मुरडू दे. मालकीण मिस ॲव्हेरिल या घराण्यातल्या शेवटच्या. त्यांची अट एकच: मुलीला बागेत आणायचं नाही. आमचं घर बागेबाहेर कुरणात आहे, आणि नेल दिसेल त्या डेलियाचं डोकं उडवते, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

१० सप्टेंबर
बाग आणि कुरणाच्या मध्ये खंदक आहे, घरातून न दिसणारा. त्याला 'हा-हा' का म्हणतात, असं नेलने माझ्या हाताखालच्या हगेटला विचारलं. "तुझ्या आईला त्यात पडू दे, मग कळेल," म्हणाला मेला.

पण हा खंदक उलटा आहे. सगळीकडे उभी भिंत बागेच्या अंगाला असते, म्हणजे मेंढरं वर येत नाहीत. इथे ती कुरणाच्या अंगाला आहे आणि उतार बागेकडून. अशाने मेंढरं अडायची नाहीत, बागेतलंच काही बाहेर जायचं नाही. बांधणाऱ्याने नकाशा उलटा धरला असणार.

सकाळी हिरवळीवर दवात वाट उमटलेली असते: घराच्या पायऱ्यांपासून खंदकापर्यंत, भिंतीच्या कडेने, आणि परत. हरीण असेल.

१६ सप्टेंबर
एक मेंढी खंदकात पडून पाय मोडून बसली. मी भिंतीला दगडांचा उतार लावून घेतला, म्हणजे पडलेलं जनावर आपसूक कुरणात परत जाईल. मालकिणीला विचारलं का, असं हगेट दोनदा म्हणाला. एवढ्यातेवढ्याला काय विचारायचं?

१८ सप्टेंबर
दवातली वाट आज दगडांवरून चढून आमच्या खिडकीपर्यंत आली होती. परतही गेली होती.

नेल म्हणते, खिडकीशी एक बाई आली होती, छान बोलली, नाव विचारलं. मग नेलला तोंड उघडायला लावून दात बघितले.

मला हे आवडलेलं नाही.

१९ सप्टेंबर
मिस ॲव्हेरिलना सांगितलं. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि सांगितलं. त्यांच्या घराण्यातली एक डॅमरिस, तिची मुलं जगेनात. घर दिराकडे जाऊ नये म्हणून ती कुळांची मुलं उचलून आणायची, वारस म्हणून वाढवायला. एकही टिकलं नाही. मेल्यावरही ती थांबेना, तेव्हा नवऱ्याने भिंत उलटी बांधून घेतली.

आधी का नाही सांगितलंत, विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ती मला रोज विचारायची, वारस कुठे आहे," म्हणाल्या. "परवापासून विचारत नाही. मला झोप लागते आता."

थोबाडीत मारावीशी वाटली.

हगेटला घेऊन दिवस मावळायच्या आत सगळे दगड उपसले. भिंत पुन्हा सरळसोट. नेल, आता भिऊ नकोस.

२० सप्टेंबर
बागेतली हिरवळ कोरी. एक पाऊल नाही.

वाट कुरणात आहे. आमच्या घराभोवती — पुन्हा पुन्हा — परत जाणारी नाही.

ती बाहेर होती. मी दगड काढले तेव्हा ती बाहेर होती, आणि ती उभी भिंत तिला चढता येत नाही तशी उतरताही येत नाही. मीच तिला आमच्याकडे कोंडून ठेवलं.

दुपारी
हगेट गाडी आणायला गेलाय. सामान राहू दे. नेलला उचलायचं आणि निघायचं —

नेल पुढच्या खोलीत. पाठ ताठ, हात मांडीवर. असं बसायला मी कधी शिकवलं नाही —

हाक मारली. चल बाळा, म्हटलं. वळून बघितलं तिने, अगदी अदबीने. म्हणाली, "बाई, आपली ओळख आहे का?"

आणि तिच्या खुर्चीमागून कुणीतरी, शाबास म्ह