नावाड्याच्या मुलीचा शेवट

चँडलर,
अमेरिका,
१० एप्रिल १९८८

चि. सौ. शरयू हिस दिगंबरचे आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. वसुधाला जाऊन दोन महिने होतील. ऑफिसला जातो, येतो. भाताचं पाणी अजून चुकतं.

एक काम आहे. तू ताईला पाठवलेली फ्रेंच कादंबरी ती अंथरुणात वाचायची आणि लेकीला मराठीतून सांगायची. नावाड्याची मुलगी वादळात होडी घेऊन जाते, शेवटी घरी येते. आता त्या कादंबरीवरून एक गाणं निघालंय, फ्रान्समध्ये फार गाजतंय म्हणे. दीपाच्या फ्रेंच टीचरनी वर्गात कॅसेट लावली. गाण्यातली मुलगी परत येत नाही. टीचर म्हणाल्या, पुस्तकातही येत नाही.

त्या दिवसापासून दीपा माझ्याशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, की तुम्ही दोघं सगळंच खोटं सांगत होता. परीक्षा होईपर्यंत तिला आईच्या कॅन्सरचं सांगायचं नाही असं ठरलं होतं. अशक्तपणा आहे म्हणालो. परीक्षा झाली, तरी तोंडातून निघालं नाही.

तू फ्रेंच शिकवतेस. तिला लिही, की पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत मुलगी परत येते. तुझं ती ऐकेल.

सगळ्यांना आठवण सांग.
दिगंबर

पुणे,
२६ एप्रिल १९८८

ती. भाऊजींना शरयूचा शि. सा. न. वि. वि.

अशी आवृत्ती नाही, आणि मी तसं लिहिणार नाही. ताई बरी होतेय असं डिसेंबरात मीच दीपाला इंग्रजीतून लिहिलं होतं. ते एक पुरे.

शेवट ताईने बदलला हे मला ठाऊक होतं. जानेवारीत तिने कळवलं होतं, की शेवटचं पान आलं तेव्हा दीपा उशाशी बसून तूपसाखरेची पोळी खात होती, आणि ताईला पुढे वाचवेना. असली रडकी पुस्तकं पाठवणारी मावशी कसली, म्हणून मलाच चिडवलं होतं. ते पत्र सोबत पाठवते. दीपाला द्या. त्यात तुमच्याबद्दल दोन ओळी आहेत, तुम्हाला लागतील. तरी द्या.

तांदळाच्या दुप्पट पाणी घाला. जेवत जा.

लोभ आहेच, तो राहू द्या.
शरयू

चँडलर,
११ मे १९८८

चि. सौ. शरयू हिस अनेक आशीर्वाद.

पत्र आधी मी वाचलं. दीपाला सांगून टाकावंसं वाटतं, पण हे नको म्हणतात, असं वसुधाने लिहिलंय. खरं आहे. तिने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी नको म्हणालो.

चार दिवस पत्र ब्रीफकेसमध्ये नेलं-आणलं. रविवारी दीपाला दिलं. तिने उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं. छापील मराठी ती कसंबसं वाचते, आईचं घाईचं अक्षर तिला लागत नाही. हे तुझ्या-माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग मीच वाचून दाखवलं. त्या दोन ओळींशी थांबलो. गाळल्या असत्या तर तिला कळलं नसतं. वाचल्या.

तिने त्या पुन्हा वाचायला सांगितल्या. पुन्हा वाचल्या. पत्र संपेपर्यंत ती उठली नाही.

तुमची माया असू दे.
दिगंबर