एकशे तेरावी नोंद

सोमवार, ३
पोचलो एकदाच्या! प्रशिक्षण केंद्रातली आमची खोली छोटी आहे, पण खिडकी थेट गोठ्यावर उघडते. धाकटीने आल्या आल्या खिडकीजवळची खाट बळकावली आणि वर मलाच ऐकवलं, की ताईला वाऱ्याने सर्दी होते ना, म्हणून. बहीण आहे की वकील! या पशुवैद्यकीच्या कोर्ससाठी बिचारी दोन वर्षं थांबली होती. आता सहा महिने एकशे बारा गाई आणि आम्ही दोघी. गाईंच्या कानात नंबराचे पिवळे बिल्ले आहेत. धाकटी म्हणते, तिलाही शोभेल.

बुधवार, ५
मोठ्या डॉक्टरांनी आज कामाची पद्धत समजावली. इथे एकेका गाईवर नाही, अख्ख्या कळपावर उपचार होतात. रोज सकाळी मोजणी; वहीतला आकडा आणि गोठ्यातला आकडा जुळलाच पाहिजे. जिच्या रक्तात रोग सापडेल ती कडेच्या गोठ्यात, आणि शुक्रवारच्या गाडीने बाहेर. याला इथे 'काढणं' म्हणतात. वहीत खाडाखोड चालत नाही, असं गोठ्याच्या मुकादमांनी तीनदा बजावलं. धाकटी त्यांच्या मिशांकडे बघून खुसखुसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार, ८
रक्त काढताना गाईने झटका दिला आणि सुई धाकटीच्या तळहातात घुसली. अपघाताच्या वहीत नाव गेलं की कोर्समधून थेट घरी. ती रडकुंडीला आली. "ताई, नको ना लिहूस." पण तिचं रक्त तपासायला तर हवं, आणि प्रयोगशाळा नंबराशिवाय नळी घेत नाही. मग मी नळीवर ११३ लिहिलं आणि कळपाच्या वहीत एक ओळ वाढवली: ११३, मादी, तपकिरी. 'तपकिरी' वाचून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

बुधवार, १२
रविवारपासून मोजणीत एक गाय कमी भरत होती. मुकादम रोज शोधत होते. आज जुळली. मोजणीच्या वेळी धाकटी गोठ्यात उभी होती.

दुपारी अहवाल आला. ११३ रोगी. चार दिवसांत रक्तात काही दिसूच शकत नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मला भीती वाटतेय.

गुरुवार, १३, सकाळ
मोठ्या डॉक्टरांपुढे हात जोडून सगळं कबूल केलं. त्यांनी वही उघडली. मादी, तपकिरी, बरोबर आहे की, म्हणाले. मी ओरडले, ती माझी बहीण आहे! त्यांनी शांतपणे विचारलं, म्हणजे दोघी एकाच गाईच्या का?

दुपार
खाट रिकामी. धाकटी कडेच्या गोठ्यात आहे. कानात बिल्ला, रक्त अजून ओलं. गजांना कुलूप. एकदा ताई म्हण, फक्त एकदा, म्हणून किती विनवलं. ती माझा हात चाटत राहिली—

शुक्रवार, १४
गाडी आली. वही पळवून खोलीत आणलीय. ओळ खोडली, शाई जिरली, ओळ पुन्हा वर. पान फाटत नाही. माझीच चूक, माझंच अक्षर—

खोडता येत नाही. पण वाढवता येतं!

लिहिलं. नळ्यांची अदलाबदल झाली. ११३ निरोगी. रोगी ११४. मादी, सावळी. त्याच गाईची.

खिडकीतून हाक आली. ताई म्हणाली! ताई म्हणाली ती! गजांबाहेर उभी आहे, कान धरून रडतेय, माझी धाकटी—

जिन्यावर मुकादम. हातात पिवळा बिल्ला. पेन बोटांत नीट धरता येत—

धाकटे, खिडकीजवळची खाट तुझीच. फक्त मला हाक मारत राहा. थांबू नकोस, नाहीतर मी वि