डब्यावर लिहिलं होतं, बिनसाखरेचे

२९ सप्टें., सोम., अमरावती
सकाळपासून खजूर कुटून हात आखडले. दसऱ्याचे डबे. गूळ, खजूर, डिंक, तूप. साखरेचा कण नाही. झाकणावर माह्याच अक्षरात चिठ्ठी: बिनसाखरेचे लाडू. पहिला डबा नेहमीसारखा दिनूचा, अकोल्याच्या एसटीनं. लहान भाऊ माहा. आठ वर्षं झाली त्याले शुगर होऊन.
दुपारी त्याच्या बायकोचा, सुनंदाचा फोन. पायाचं बोट काळं पडून राह्यलं. दिनू म्हणे चप्पल लागली. चप्पल लागून बोट काळं पडते काय, येडा कुठला!

४ ऑक्टो., शनि., अकोला
दिनूसोबत दवाखान्यात. शुगर तीनशेच्या वर. तो अन् सुनंदा ड्रेसिंगले आत गेले. आहार सांगणाऱ्या बाईनं मले इचारलं, काय खातात? मी फुशारकीनं पिशवीतला डबा काढला. चहात साखरेऐवजी गोड गोळी टाकते, वरून दोन-तीन माहे लाडू. साखर बंदच हाये म्हटलं.
तिनं चिठ्ठी वाचली. "काकू, यात गूळ किती?"
सांगतलं.
"पोटात गेल्यावर गूळ काय अन् साखर काय. खजुराचंही तसंच. किती दिवसांपासून खातात?"
दोन वर्षं. रोज.
दिनू लंगडत बाहेर आला. हातात कागद, त्यावर लिहेल, गोड बंद. मले म्हणे, "ताई, तुह्या लाडवाचं टेन्शन नको घेऊ. ते गोडात येत नाही."
मी डबा पिशवीत ढकलला. तोंड शिवलं होतं काय माहं?

८ ऑक्टो., बुध., अमरावती
औषधाच्या दुकानातून त्या गोड गोळ्या आणल्या, अन् कोण्यातरी गोड पाल्याची पावडर. गोळ्या टाकून खीर आटवली. गोडी गायब! दुकानदार हासला, "काकू, या उकळायच्या नसतात, उतरवून टाका." पावडर आधी गोड, मागून कडू. शुगर-फ्री बिस्किटाचा पुडा उलटा करून पाहिला, पहिलंच नाव मैदा. वर एक, आत एक. माह्या डब्यासारखंच.
शेजारच्या कुसुमकाकू डबा मागाले आल्या. गुळाचे हायेत, खाऊ नका म्हटलं. "अवं मग आतापर्यंत काहून देल्ले?" चिठ्ठ्या सगळ्या फाडल्या.
त्यायले सांगतलं. दिनूले नाही.

१२ ऑक्टो., रवि.
दिनूचा फोन. पुढचा डबा नाही आला म्हणे. डिंक भेटला नाही म्हटलं. खोटं. मग वरडलीच त्याच्यावर, "उरले असतील तर फेकून दे!"
"काहून? तूच तर म्हणत होती, कितीबी खा."
हाव. म्हटलं होतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की तो मान फिरवून बसे, पाहून जीव तुटे माहा.
सांगतलं तर तो मले एका शब्दानं बोलणार नाही. त्याचीच धास्ती हाये.

१७ ऑक्टो., शुक्र.
बोट काढलं.
माह्या हातानं केलं मी हे. आणखी काय लिहू

२३ ऑक्टो., गुरु., अकोला. भाऊबीज
पाटावर बसता येत नाही त्याले. खुर्चीवर ओवाळलं. ओवाळल्यावर भावाचं तोंड गोड करा लागते. वाटीत खीर, उतरवून मग गोळी टाकलेली. दिनूनं वाटीत पाह्यलं. "लाडू कुठी हाये?"
सांगून टाकलं, एका दमात. गूळ होता त्यात दिनू, गूळ म्हणजे साखरच, मले ठाऊक नव्हतं, मग ठाऊक झालं तरी बोलली नाही.
सुनंदा आरतीचं ताट धरून उभी होती, उभीच राह्यली.
दिनू हासला. "काहीतरीच बोलतं तू! गूळ कुठी साखर असते? आपल्या बाबानं जलमभर गूळ खाल्ला." अन् आ केला.
मी चमचा भरवला.
"गोड हाये. पण तुह्या लाडवाची सर नाही."
समजावलं. पुन्हा समजावलं. तो माहे डोळे पुसत बसला.

बाजूच्या बोटाचं सोमवारी पाहू, डॉक्टर म्हणते.
निघताना सुनंदानं दिनूच्या उशीखालचा डबा आणून देल्ला. दसऱ्याचा. चिठ्ठी तशीच. आत एकच लाडू.
"मी नाही म्हटलं तरी खातेत, ताई. म्हणतेत, ताईनं पाठवले."